घरातल्या रेकॉर्डी : थोडा इतिहास, थोडी निगा

स्मरणिका म्हटली की अहवाल असतो, देणगीदारांची यादी असते, संस्थापक सभासदांचे फोटो असतात. ते सर्व या अंकातही आहेच. पण आपल्या वस्तीचा इतिहास केवळ इतिवृत्ताच्या वहीत नाही. तो काही घरांच्या पोटमाळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या खाली पडलेला आहे. आम्ही रेकॉर्डींविषयी बोलत आहोत. ज्यांना आपण कोणी तबकडी, कोणी ध्वनिमुद्रिका आणि बहुतेक सगळे सरळ 'रेकॉर्ड' म्हणतो, त्या काळ्या चकत्या. मालाडच्या पूर्व-पश्चिमेला, कुरारपासून मालवणीपर्यंत, अशा रेकॉर्डी अजून निघतात आणि निघाल्या की बहुधा भंगारवाल्याकडे किलोवर जातात. म्हणून हा लेख. यात इतिहासही आहे आणि रेकॉर्ड कशी पुसावी, कशी ठेवावी हेही आहे. कारण आमच्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. रेकॉर्ड कशाची बनली, कोणत्या काळी बनली, हे कळल्याशिवाय ती धुता येत नाही. आणि धुतल्याशिवाय तिच्यात काय आहे ते कळत नाही.

तबकडीचा ग्रामोफोन हा एमिल बर्लिनर या जर्मनीत जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाचा शोध. त्याचे पेटंट १८८७ सालचे. आपल्याकडे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि १९०८ साली तिथेच सियालदहला रेकॉर्डी छापण्याचा कारखाना निघाला. पुढे तो डमडमला गेला. मुंबईही मागे नव्हती. 'यंग इंडिया' या शिक्क्याच्या रेकॉर्डी १९३५ पासून सुमारे वीस वर्षे इथेच, वडाळ्याच्या कारखान्यात निघत होत्या. पण कुत्र्याचे चित्र असलेली एच.एम.व्ही. सर्वांच्या वर राहिली. कितीतरी घरांत कंपनीचे नाव वाचता येत नसे, पण 'कुत्र्याची रेकॉर्ड' म्हटले की लहान पोरालाही कळायचे.

आता या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी कशाच्या बनत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. प्लॅस्टिक नव्हे हो, लाख! पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा राहतो, तो जो चिकट स्राव सोडतो त्याची लाख होते. ती फांद्यांवरून खरवडून गोळा करणारे हात मुख्यतः छोटा नागपूरच्या आदिवासींचे. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था १९२४ सालीच उभी राहिली, इतके या मालाला जगात महत्त्व होते. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा भुगा मिसळून गरम साच्यात दाबला की रेकॉर्ड तयार. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या बंगल्यात वाजणाऱ्या संगीताखालीही आपल्या जंगलातल्या माणसाची मजुरी होती. रेकॉर्डवर गायकाचे नाव छापत, कंपनीचे छापत. लाख गोळा करणाऱ्याचे नाव छापण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, अमेरिकेत प्लॅस्टिकच्या तबकड्या निघू लागल्या, आणि १९४८ च्या जूनमध्ये तिकडे व्हायनलची मोठी रेकॉर्ड बाजारात आली. ती १२ इंची, मिनिटाला ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे चालणारी. तिला आपण एल.पी. म्हणतो. पुढच्याच वर्षी ७ इंची, ४५ फेऱ्यांची छोटी आली. जुन्या १० इंची लाखेच्या रेकॉर्डीवर एका बाजूस तीन मिनिटांचे एकच गाणे मावे, छोट्या ई.पी.वर एका बाजूस दोन गाणी बसू लागली. आपल्या देशात मात्र लाखेच्या रेकॉर्डी १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या. त्यामुळे आपल्या ट्रंकांत दोन्ही जाती एकत्र सापडतात, आणि घोटाळा तिथेच होतो. त्याविषयी पुढे येईलच.

मालाडच्या माणसाने एक गोष्ट विसरू नये. आपल्या स्टेशनच्या पश्चिमेला जे बॉम्बे टॉकीज कंपाऊंड आहे, जिथे पुढे छोटे छोटे कारखाने आणि गाळे झाले, तिथे १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी स्टुडिओ काढला होता. तिथली गाणी रेकॉर्डींवरून देशभर गेली. संगीत द्यायला होत्या सरस्वती देवी. त्या मूळच्या पारशी, खुर्शीद होमजी. समाजाच्या विरोधामुळे त्यांना नाव बदलून काम करावे लागले. बाईने सिनेमाला संगीत द्यायचे म्हणजे केवढी गोष्ट होती त्या काळी!

याच मालाडच्या स्टुडिओतून १९३६ साली 'अछूत कन्या' हा बोलपट निघाला. देविका राणी अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि अशोक कुमार ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. गाणी त्या दोघांनीच गायली, कारण दुसऱ्याचा आवाज देण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. चित्रपट फार गाजला, रेकॉर्डी खपल्या, अस्पृश्यतेवर चित्रपट काढला म्हणून वाहवा झाली. आम्ही ती नाकारत नाही, त्या दिवसांत ते धाडसच होते. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ च्या मे महिन्यात दादरला मुंबई इलाखा महार परिषद भरली, त्याच सुमारास जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचे त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले. इकडे बाबासाहेब माणसांना हक्कासाठी उभे करत होते आणि तिकडे पडद्यावर कस्तुरी दुसऱ्यांची भांडणे थांबवताना आगगाडीखाली प्राण देत होती. अस्पृश्य मुलगी चांगली, पण मेल्यावर! ही आमची टीका कोणाला कडक वाटेल, वाटो. तरीही ज्यांच्या घरी या बोलपटाची एखादी लाखेची रेकॉर्ड असेल त्यांनी ती जिवापाड सांभाळावी. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय गायले, हाही पुरावाच आहे.

बॉम्बे टॉकीजच्या 'महल' (१९४९) ची गंमतही सांगितली पाहिजे. त्यातले लता मंगेशकरांचे ते गाजलेले गाणे रेकॉर्डवर निघाले तेव्हा लेबलावर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे! जिचा आवाज, तिचेच नाव नाही. लेबल नीट वाचायला हवे असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. लेबल कधी खरे सांगते, कधी लपवते.

आता आपल्या गाण्यांकडे येऊ. आंबेडकरी जलशांचा काळ १९३० च्या आगेमागे सुरू झाला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरले, रात्र रात्र गायले. ते आवाज बहुतांशी हवेतच गेले. भीमरावांनी पुढे जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून निदान शब्द आणि हकिकत उरली. बाबासाहेबांचा स्वतःचा आवाज आज ऐकायला मिळतो तोही मुख्यत्वे काही थोड्या ध्वनिमुद्रणांमुळे. बी.बी.सी.ला १९५५ साली दिलेली इंग्रजी मुलाखत त्यांतली प्रसिद्ध. ज्या महामानवाने लाखोंच्या सभा घेतल्या, त्यांच्या मराठी भाषणांचा आवाज किती थोडा हाती लागला, याची खंत कोणाला वाटणार नाही?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीम गीतांना भरती आली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लिहीत आणि गात राहिले. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०), श्रावण यशवंते यांच्या आवाजाने १४ एप्रिलची रात्र गाजू लागली. आणि मग ही गाणी छोट्या ई.पी. रेकॉर्डींवर येऊ लागली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत काम करणाऱ्या माणसाने पगारातून पैसे बाजूला काढून रेकॉर्ड घ्यावी, हे सोपे नव्हते. प्लेअर तर साऱ्या चाळीत एखाद्याकडेच. सुटकेससारखा बंद होणारा एच.एम.व्ही.चा 'फिएस्टा' ज्याच्या घरी, त्याच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग. ज्यांच्या घरी प्लेअर नव्हता त्यांनीही रेकॉर्डी घेतल्या, हे विशेष. जयंतीला मंडपात लाऊडस्पीकरवाल्याकडे द्यायच्या आणि भोंग्यावरून वस्तीने ऐकायच्या.

१९८० नंतर कॅसेट आली आणि चित्र पालटले. कॅसेट स्वस्त, रिक्षातही वाजते, फुटत नाही. भीमगीतांच्या कॅसेटींचा पूर आला, नवे गायक आले, ते चांगलेच झाले. पण रेकॉर्डी ट्रंकेत गेल्या त्या गेल्याच. कॅसेटवर जी गाणी पुन्हा भरली गेली ती टिकली. जी भरली गेली नाहीत, ती त्या चकत्यांवरच राहिली. आज मोबाईलवर सगळे मिळते असे नातवंडे म्हणतात. सगळे मिळत नाही. एखाद्या कमी गाजलेल्या शाहिराची एकच ई.पी. निघाली असेल आणि तिच्या मोजक्याच प्रती उरल्या असतील, तर त्यातली एक तुमच्या पोटमाळ्यावर असू शकते.

आणि पोटमाळा ही रेकॉर्डीची सर्वांत वाईट जागा! वर पत्रा, मे महिन्याचा उन्हाळा, खाली स्वयंपाक. व्हायनल ऊन सोसत नाही, साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते मऊ पडते. पण त्याआधीही, आडव्या गठ्ठ्याचे वजन आणि रोजची धग यांनी रेकॉर्डीची पापडासारखी लाट होते. मग पावसाळा. मार्वे-मालवणीकडची खाडीची दमट हवा, भिंतींना ओल. जून ते सप्टेंबर बुरशीचेच राज्य. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पाण्यात उपनगरांतल्या किती घरांतल्या पुस्तकांचे, फोटोंचे, रेकॉर्डींचे लगदे झाले याची कोणी मोजदाद केली नाही. खरे म्हणजे पाण्याने रेकॉर्ड सहसा मरत नाही, तिचे पाकीट मरते. चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुतली तर व्हायनल वाचते. चिकटलेले पाकीट ओढून फाडायचे नाही, ओले करून हळू सोडवायचे.

तर आता साफसफाई. पहिले काम जात ओळखणे. लाखेची रेकॉर्ड जड, जाड, कडक; लेबलावर ७८ लिहिलेले असते किंवा काहीच लिहिलेले नसते. व्हायनल हलकी, थोडी लवचिक. वाकवून पाहण्याचा मोह आवरावा, लाखेची असेल तर हातात दोन तुकडे येतील. हे ओळखणे जरुरीचे का? तर सुतार लाकडाला पॉलिश करतात ते कशाने? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. म्हणजे लाखेच्या रेकॉर्डीवर स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अत्तर-कोलोनचा बोळा फिरवला की वरचा थर, म्हणजे गाणेच, विरघळू लागते! करोनानंतर घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, म्हणून हे मुद्दाम ठळकपणे सांगतो. रॉकेल आणि खोबरेल तेल दोन्ही जातींना वर्ज्य. तेलाने चकाकी येते खरी, पण त्या खाचांत धूळ कायमची बसते.

बुरशी असेल तर आधी कोरडी झाडावी, घराबाहेर, गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने. घरात झाडली तर ती शेजारच्या रेकॉर्डीवर आणि आपल्या छातीत जाते. मग धुणे. साधे गार पाणी, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा एखाददुसरा थेंब, फेस नको. कापड जुन्या मलमलीचे किंवा चष्मा पुसायच्या जातीचे. पुसायचे ते गोल, खाचांच्या दिशेने, कधीही आडवे नाही. एका रेकॉर्डीवर गोल फिरत जाणारी एकच लांब खाच असते. आडवे पुसले तर कचऱ्याचा कण शेकडो फेऱ्यांवरून ओरखडा काढत जातो आणि मग वाजवताना 'टक् टक्' ऐकू येते ते हेच. लेबल कागदाचे आहे, त्यावर पाणी जाऊ देऊ नये. घरातली सपाट कडेची छोटी वाटी लेबलावर उपडी धरून तिच्या भोवती पुसत गेले तर काम सोपे होते. लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवायची नाही; तिच्या बारीक तड्यांतून पाणी आत शिरते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.

शेवटचा हात मात्र नळाच्या पाण्याचा नको. नळाचे पाणी वाळले की क्षार मागे राहतात आणि सुईखाली करकर करतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी बाजारात मिळते, ते चालते. फक्त दुकानातून ॲसिडची बाटली येत नाही ना, ते पाहून घ्यावे. व्हायनल फारच तेलकट असेल तर जाणकार लोक या शुद्ध पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, पण ते केवळ व्हायनलसाठी. वाळवायला भांड्यांच्या स्टँडवर मऊ फडके घालून रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, सावलीत. उन्हात नको, केस वाळवायच्या मशीनने तर मुळीच नको. पंखा बंद ठेवावा, नाहीतर धुतलेल्या रेकॉर्डीवर पुन्हा धूळ.

पाकिटे नवी घ्यावीत, आत साधा चांगला कागद किंवा पातळ पॉलिथिन. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. त्याची शाई लागते आणि तो कागद ओल धरतो. जुने पाकीट फाटके असले तरी टाकू नये, वेगळे ठेवावे. त्यावरची चित्रे, जाहिराती, दुकानाचा शिक्का, कोणाच्या हातची तारीख, हे सारे कामाचे असते. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, पुस्तकांसारख्या, फार घट्टही नाही आणि कलंडतील अशा सैलही नाही. आणि एक नाजूक गोष्ट. बऱ्याच घरांत बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात मानाने रेकॉर्डी ठेवतात. भावना चांगली आहे, पण रोजची मेणबत्ती आणि अगरबत्ती यांची काजळी हवेत तरंगत त्यांच्यावरच बसते. मानाची जागा दुसऱ्या भिंतीला द्यावी.

सुईचे काय? चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिन असते. रेकॉर्डीतली दगडाची भुकटी त्या पिनेला घासून खाचेच्या मापाची करते, म्हणून एक पिन एका बाजूला वापरून टाकून द्यायची, असा नियम होता. काटकसर म्हणून एकच पिन महिनाभर वापरली गेली तिथे गाण्याचे कीस निघाले. या ग्रामोफोनच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमच्या वर असते, तर एल.पी.च्या सुईचा भार जेमतेम दोन-तीन ग्रॅम. व्हायनलची रेकॉर्ड चावीच्या ग्रामोफोनवर हौसेनेसुद्धा लावू नये, एका फेरीत ती जाते. उलट लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद असते. तिला जाड टोकाची, ७८ ची सुई लागते. एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळात खडखडत जाते आणि खराब होते. जयंतीच्या मंडपात वर्षानुवर्षे वाजलेल्या आपल्या ई.पी. या बाबतीत दुर्दैवी. जड डोक्याची मशीन, झिजलेली सुई, तेच गाणे रात्रीत वीस वेळा. अशा रेकॉर्डी धुऊनही थोड्या खरखरणारच. ती खरखर आमच्या कानांना वाईट लागत नाही, पण तो आमचा पक्षपात समजावा.

धुऊन वाळलेली रेकॉर्ड चांगल्या सुईवर एकदा वाजवून त्याच वेळी ध्वनिमुद्रित करून घ्यावी, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवून झिजवायला नको. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था निघाली. तिच्या मंडळींनी जुन्या रेकॉर्डींच्या याद्या आणि माहिती जमवण्याचे मोठे काम केले. आपल्या भीमगीतांची तशी नीट यादी मात्र आपण, ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांनीच, करायला हवी. प्रत्येक रेकॉर्डीमागे वहीत कंपनी, नंबर, गायक, कवी, संगीतकार, दोन्ही बाजूंची गाणी, आणि घरात ती कोणी, केव्हा आणली, एवढे लिहावे. शेवटची माहिती फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. लेबलापाशी, गाणे संपल्यानंतरच्या कोऱ्या जागेत, बारीक कोरलेला आणखी एक नंबर असतो. भिंग घेऊन तोही उतरवावा, कारण लेबल फाटले तरी त्यावरून रेकॉर्ड ओळखता येते. कवीचे नाव लेबलावर नसेल तर शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐकावे. वामनदादांसारखे कवी त्यात आपले नाव गुंफत. असे एखादे हरवलेले नाव सापडू शकते.

फुटलेली रेकॉर्डही टाकू नये. लाखेच्या रेकॉर्डीचे दोन तुकडे झाले असतील तर गोंद, फेव्हिकॉल काही न लावता तुकडे वेगवेगळ्या कागदात, सपाट पुठ्ठ्यावर ठेवावेत. कडा एकमेकींवर घासू देऊ नयेत. जाणकार ते तुकडे जुळवून एकदा वाजवू शकतात. आणि तेही जमले नाही, तरी लेबल शाबूत आहे, त्याचा फोटो काढावा, नंबर वहीत उतरवावा. तोच नंबर वस्तीतल्या दुसऱ्या कोणाच्या ट्रंकेत अख्खा निघू शकतो.